सात गोलांपैकी दोन

शांतिनाथ मगदूम मुंगीला वाट देतात. हे नुसतं म्हणायला म्हणत नाही, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सरावाच्या वेळी मैदानाच्या कडेनं मुंग्यांची रांग चालली असेल तर अण्णा कोपऱ्याचं निशाण उपटून दोन हात आत रोवतात आणि म्हणतात, "आज मैदान एवढंच." कांदा-लसूण खात नाहीत, दिवस मावळायच्या आत जेवतात. त्यामुळं आमचा सराव संपत आला की गोलच्या जाळीमागं त्यांचा डबा उघडतो, आणि एका हातात भाकरी धरून ते दुसऱ्या हातानं आमच्या चुका दाखवतात. शिवी देत नाहीत. अशा माणसानं एका माणसावर बावीस वर्षं डूख धरावा, हे आम्हाला बरेच दिवस खरं वाटत नव्हतं.

अण्णा कसबा बावड्यात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून आहेत. ऊस भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढला की ते आकडा वाचतात आणि पावती फाडतात. ड्रायव्हर लाडात येऊन म्हणतो, "सोडा की अण्णा धा-वीस किलो." अण्णा म्हणतात, "आकडा बोलतोय, मी कुठं बोलतोय?" संध्याकाळी ते पाणंद फुटबॉल क्लबचे प्रशिक्षक. पाणंद क्लब म्हणजे आम्ही: कारखान्यातले, शेतातले आणि कॉलेजातून सुटलेले अठरा जण. मी दुसरा गोलरक्षक. पहिला गोलरक्षक कधी आजारी पडत नाही. त्यामुळं हंगामभर मी अण्णांच्या शेजारी बाकावर बसतो, आणि पुढचं सगळं मला त्या बाकावरून दिसलेलं आहे.

भाद्रपदात जैनांचं दशलक्षण पर्व संपलं की क्षमावणी येते. त्या दिवशी भेटेल त्याला हात जोडून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायची, आणि समोरच्यालाही करायची. अण्णा आम्हालाही सोडत नाहीत. आमचा पुढचा खेळाडू ऋतुराज एकदा म्हणाला, "क्षमा केली अण्णा, पण त्या दिवशीच्या बारा फेऱ्या परत द्या." त्या दिवशी अण्णा फोनवरून मिरज, सांगली, बेळगावपर्यंतच्या पाहुण्यांची क्षमा मागतात. सगळं आटोपलं की पद्मावती वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणतात, "एक नाव ऱ्हायलं बघा." अण्णा म्हणतात, "ऱ्हाऊ दे."

ते नाव विजयसिंह सरनोबत. चंद्रसेन तालीम मंडळाचे अध्यक्ष. तेव्हाही आणि आत्ताही.

अण्णांचं लहानपण चंद्रसेनच्या पेठेतलं. वडिलांचं भांड्यांचं दुकान तालमीच्या बरोबर समोर. एकोणिसाव्या वर्षी अण्णा तालमीच्या बारक्या संघात बचावाला खेळायचे. कुणा पुढाऱ्याच्या आजोबांच्या नावानं एक लहान चषक होता, आणि चंद्रसेनचं लक्ष होतं लीगवर. विजयसिंहांनी मोठे खेळाडू गॅलरीत बसवले आणि अकरा पोरं मैदानात उतरवली. मध्यांतराला दोन गोल अंगावर होते. आता पेठ म्हणजे काय चीज आहे ते सांगायला हवं. घरात भाजी जळाली तर चालते, पण शेजारच्या पेठेसमोर हरलेलं चालत नाही. गॅलरीतून आरडाओरडा सुरू झाला आणि विजयसिंहांच्या अंगात आलं. त्या चषकात बदली खेळाडूंना मर्यादा नव्हती. त्यांनी पोरं एकेक करून बाहेर ओढली आणि गॅलरीत शेंगा खात बसलेले मोठे खेळाडू आत घातले. पोटात शेंगा, पायात गोळे. अजून पाच गोल झाले. सात-शून्य.

तालमीच्या दारात एक फळा असतो. सामन्याचा निकाल त्यावर अध्यक्ष स्वतः लिहिणार आणि पुसणारही तेच, अशी चंद्रसेनची रीत. विजयसिंहांनी वर लिहिलं, "सात गोल खाणारे", आणि खाली अकरा पोरांची नावं. मोठ्या खेळाडूंपैकी एकाचंही नाव नाही. तो मजकूर बावीस दिवस तसाच राहिला. अण्णांचे वडील रोज सकाळी दुकानाची फळी काढायचे आणि समोर मुलाचं नाव वाचायचे. गिऱ्हाईक पातेलं वाजवून बघत विचारायचं, "शेठ, हे तरी गळत न्हाई न्हवं?" वडील वर्षभरात दुकान हलवून बावड्याला आले. अण्णांनी त्यानंतर बूट घातले नाहीत.

"मी बाहेर आलो तवा दोन होते," हे वाक्य मी अण्णांच्या तोंडून तीनदा ऐकलंय. तिन्ही वेळा काट्यावरचा आकडा वाचावा तसं.

यंदा माघात एका लहान चषकाच्या पहिल्याच फेरीत आमची गाठ चंद्रसेनशी पडली. सामना गुरुवारी. चंद्रसेनचा लीगचा निर्णायक सामना लगेच रविवारी. ते आमच्यासमोर पोरं उतरवणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. चहाच्या गाड्यावर ऋतुराज तापला.

"हा अपमान हाय आपला. आपल्याम्होरं बारकी पोरं? आपण काय शाळा हाय व्हय?"

"बरोबरच करत्यात," अण्णा म्हणाले.

"बरोबर?"

"मग पोरं खेळवायची कुठं? लीगच्या शेवटच्या सामन्यात? लहान चषक त्याच्यासाठीच असतोय. मोठ्यांचे गुडघे रविवारसाठी राखायचे, पोरांना गुरुवारी शिकू द्यायचं. ह्यात चूक काय बी न्हाई. चूक म्होरं असती. एकदा उतरवली की ती हरू देत, जिंकू देत, त्यांनाच खेळू द्यायचं. विजयसिंहांना तेवढंच जमत न्हाई." त्यांनी कप खाली ठेवला. "आणि आपल्याला तेवढंच पायजे."

मग त्यांनी बेत सांगितला. पहिल्या वीस मिनिटांत दोन गोल करायचे. तिसरा करायचा नाही.

"म्हंजे? संधी आली तरी?"

"आली तरी. तिसरा झाला की पेठ उठून घरला जाती. दोनावर ती उठत न्हाई. दोनावर ती अध्यक्षाला उठवती."

उठलेले अध्यक्ष काय करणार हे अण्णांना पाठ होतं. ते सम्राटला आत घालणार. सम्राट हा चंद्रसेनचा कर्णधार, शहरातला सगळ्यात चांगला मधला खेळाडू, आणि डोक्यात कायम निखारा. संघटनेचा नियम असा की लाल कार्ड कुठल्याही स्पर्धेत मिळो, पुढचा सामना बाहेर बसायचं, मग तो सामना कुठलाही असो. आणि पुढचा सामना म्हणजे रविवार.

"ऋतुराज, तुझं काम एवढंच," अण्णा म्हणाले. "सम्राट आत आला की त्याच्या शेजारनं पळायचं. हात लावायचा न्हाई, पाय लावायचा न्हाई. बोलत ऱ्हायचं."

"किती?"

"तू घरात बोलतोस तेवढं."

बारा वर्षं शाळेत बडबडीबद्दल मार खाल्लेल्या ऋतुराजला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याचं काम दिलं होतं.

गुरुवारी शाहू स्टेडियमवर चंद्रसेनची अकरा पोरं उतरली. नव्या जर्सीच्या बाह्या कोपरापर्यंत आलेल्या. पलीकडच्या बाकावर विजयसिंह, पांढरा शर्ट, सत्तरीतही मिशी काळी. सम्राट आणि दोन मोठे खेळाडू ट्रॅकसूट घालून त्यांच्या शेजारी, आपले सहज आल्यासारखे. अठराव्या मिनिटापर्यंत आमचे दोन गोल झाले. गॅलरीतून सुरुवात झाली. "अध्यक्ष, झोपला काय?" "बालवाडी सुटली की रं." अण्णांनी माझ्याकडं बघितलंही नाही, पण त्यांच्या ओठांच्या कडेला समाधान दिसलं. एरवी ते जेवण झाल्यावर दिसतं.

आणि मग ती पोरं खेळायला लागली.

त्यांच्यात अभिराम म्हणून सतरा वर्षांचा एक होता. डाव्या कडेनं धावायचा. आमचा बचाव म्हणजे उसाच्या बैलगाड्या, तो त्यातून सायकल काढावी तसा निघायचा. पस्तिसाव्या मिनिटाला त्यानं एक गोल मारला. मध्यांतरानंतर लगेच त्याचा फटका खांबाला लागून परत आला. आता आम्ही तिसरा गोल करायचा नाही म्हणून थांबलेलो नव्हतो, आम्हाला तो जमतच नव्हता.

"पोरं चांगली खेळाय लागलीत," मी म्हणालो.

"दिसतंय मला," अण्णा एकदम करकरीत आवाजात म्हणाले.

माझ्या तेव्हा लक्षात आलं की अण्णांची पंचाईत झाली आहे. पोरांना खेळू दिलं तर ती सामना फिरवतात, हेच तर ते बावीस वर्षं सांगत होते. आता ते डोळ्यांसमोर खरं होत होतं, आणि खरं झालं तर सम्राट बाकावरच राहणार होता. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा, मला वाटतं, चंद्रसेनच्या पोरांचं वाईट चिंतलं. त्यांच्या हातातली पाण्याची बाटली चेपली गेली होती.

पण पेठेला खेळ दिसत नव्हता, फलक दिसत होता. दोन-एक. पाणंदवाल्यांकडून, उसातल्या संघाकडून चंद्रसेन हरतंय. "सम्राटला घाला" अशी आरोळी गॅलरीच्या एका टोकाला उठली आणि दुसऱ्या टोकाला गेली. विजयसिंह दोनदा उठले आणि दोनदा बसले. तिसऱ्यांदा ते उठले तेव्हा अण्णांनी हलकेच बाटली खाली ठेवली.

सम्राट आणि दोघे आत. बाहेर आले त्यांत अभिराम. तो मैदानाच्या कडेला थांबून विजयसिंहांना म्हणाला, "दादा, आत्ता बसतोय की गोल." विजयसिंह म्हणाले, "गप बस खाली." एवढ्या लांबून शब्द ऐकू आले नाहीत. नंतर अभिरामनंच ते सांगितलं. तेव्हा नुसती त्याची मान खाली जाताना दिसली, आणि अण्णांनी तोंड दुसरीकडं वळवलं.

ऋतुराज कामाला लागला. "या या सम्राटदादा. पोरानं वाफवून ठेवलंय, तुम्ही फक्त जेवा." थोडं पळून झाल्यावर: "रविवारसाठी पाय राखलेलं न्हवं? मग हे कुणाचं आणलं?" मग: "अध्यक्षांनी शिट्टी वाजवली की येतासा व्हय? आमच्या म्हशीला पण दोनदा हाका मारायला लागत्यात." आत आल्यापासून सहाव्या मिनिटाला सम्राटनं त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून ढकललं. ऋतुराज असा पडला की मीसुद्धा बाकावरून उठलो. पंचांनी लाल कार्ड काढलं.

सामना आम्ही दोन-एक जिंकला. अण्णांनी आनंद केला नाही. दिवस मावळायला अजून पाव तास होता. त्यांनी तिथंच बाकावर डबा उघडला आणि सावकाश जेवले.

रविवारी ते रजा टाकून चंद्रसेनचा सामना बघायला गेले. मला सोबत नेलं. सम्राट गॅलरीत, मैदानाच्या मध्यात भगदाड. चंद्रसेन एक गोलानं हरलं आणि लीग गेली. पेठेत एका रात्रीत फलक लागला: "अध्यक्ष, गुरुवारी कशाची घाई झालती?" खाली फोटो नाही, नाव नाही, शुभेच्छुक म्हणून नुसतं "समस्त पेठ". अण्णांनी मोटारसायकल थांबवून तो दोनदा वाचला. परतीच्या वाटेवर ते गुणगुणत होते.

मला वाटलं, झालं. बावीस वर्षांचं वजन उतरलं. दोन आठवड्यांनी कळलं की अण्णांचा काटा अजून खाली आलेला नव्हता.

हंगामाची घाई होती. काट्यावर उसाच्या गाड्यांची रांग. मी अण्णांना सरावाची वेळ विचारायला गेलतो. त्या रांगेतून एक पांढरी मोटार पुढं आली आणि वाट चुकून थेट काट्यावर चढली. काच खाली झाली.

"शांत्या," विजयसिंह म्हणाले.

"साहेब, गाडी काट्यावर हाय."

"उतरवतो."

"थांबा. आकडा येतोय." अण्णांनी खिडकीतून वाकून बघितलं. "सोळाशे चाळीस. तुमच्यासकट. आता घ्या बाजूला, मागं ऊस वाळतोय."

बाजूला झाडाखाली दोघं बोलले. मी पाणी द्यायच्या निमित्तानं थांबलो. विजयसिंहांनी फार आडवळण घेतलं नाही. चैत्रात आणखी एक लहान चषक होता. संघ उतरला नाही तर तालमीवर पुढचं वर्षभर बंदी येणार. मोठे खेळाडू रुसलेले, सम्राट फोन उचलत नव्हता. पोरं होती, पण अभिराम आणि इतरांनी सांगितलं होतं, मध्येच बाहेर काढणार नसाल तरच येतो, आणि तुमच्या शब्दावर भरवसा नाही. पोरांना मध्येच न काढणारा म्हणून समितीत कुणीतरी मगदूमचं नाव काढलं.

"तेवढा एक सामना सांभाळ. मागचं काय मनात असंल तर—"

"असंल न्हवं. हाय."

विजयसिंह म्हणाले, "तुझं नाव चौथं होतं फळ्यावर. आठवतंय मला. अक्षर माझंच."

"सातातले पाच मोठ्यांनी खाल्लं."

"मला काय मोजाय येत न्हवतं व्हय? मोठ्यांची नावं लिहिली असती तर मोठी पुढचा सामना खेळली असती का? पोरं काय, पोरं विसरत्यात."

हे ते अगदी साधेपणानं म्हणाले. अण्णांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांनी एका ट्रॅक्टरला हात करून पुढं यायला सांगितलं, त्याचं वजन केलं, पावती फाडली, आणि परत आले.

"येतो. एका सामन्यापुरता. पण तुम्ही बाकावर बसायचं, माझ्या शेजारी. पयल्या शिट्टीपासनं शेवटच्या शिट्टीपर्यंत. कुणाचा पाय मोडला तरच बदली. तुम्ही बोलायचं न्हाई, उठायचं न्हाई. किती बी गोल होऊ देत."

"एवढंच?"

"बसून बघा, मग म्हणा."

घरी पद्मावती वहिनींना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "आता दारात येऊन गेला माणूस. करून टाका की क्षमा."

"क्षमावणी भाद्रपदात असती," अण्णा म्हणाले. "आत्ता फाल्गुन चाललाय."

"देव बघतोय हां."

"बघू दे. तिकीट न्हाई."

वहिनींनी दोन दिवस त्यांच्या ताटात भाजी कमी वाढली.

चैत्रातला तो सामना शहरातल्या तगड्या संघाशी होता आणि त्यांनी मोठे खेळाडू उतरवले होते. मी पाण्याची पिशवी घेऊन गेलो. बाकावर तिघं: मी, अण्णा, विजयसिंह. ऊन तिरकं तोंडावर. गॅलरी पेठेनं भरलेली, आणि पेठेला अध्यक्ष पहिल्यांदाच असे हाताच्या अंतरावर मिळालेले. पहिला गोल बाराव्या मिनिटाला अंगावर आला. विजयसिंहांचे गुडघे उठायला सरळ झाले. अण्णा मैदानाकडंच बघत म्हणाले, "बसा."

दुसरा गोल. मागून कुणीतरी ओरडलं, "अध्यक्ष, फळा घेऊन आलाय न्हवं?" लोक हसले. विजयसिंहांनी रुमाल काढून मान पुसली.

मध्यांतराला पोरं घामानं निथळत आली. अण्णा प्रत्येकाशी बोलले. अभिरामला म्हणाले, "तुझ्यावर ठेवलेला त्यांचा बचावाचा खेळाडू दमलाय. आता त्याच्या बाहेरनं नको, आतनं जा." विजयसिंहांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. अण्णांनी बोट वर केलं, इतकंच. पोरांनी ते बघितलं. अध्यक्षांनी तोंड मिटलेलं त्यांनी जन्मात पहिल्यांदाच बघितलं असणार.

मध्यांतरानंतर तिसरा गोल आणि थोड्या वेळानं चौथा. आता गॅलरी पोरांना काही म्हणत नव्हती. ती पोरं पडत होती, उठत होती, पळत होती, त्यांना काय म्हणणार. सगळं बाकाकडं येत होतं. नाव घेऊन, बापाचं नाव घेऊन, मिशीच्या रंगाचं नाव घेऊन. विजयसिंहांनी मान इतकी खाली घातली होती की मला त्यांचा टाळूचा पांढरा भाग दिसत होता.

"मला जरा बाजूला जाऊन यायचंय," ते हळूच म्हणाले.

"मध्यांतर होतं की मघाशी."

"शांत्या, काढ की रं आता तरी कुणाला तरी. सम्राटचा भाऊ आलाय गॅलरीत, त्याला घालू."

"वीस मिनिटं हायत."

"लोक काय म्हणत्यात ते ऐकतोयस न्हवं?"

"ऐकतोय," अण्णा म्हणाले. "चांगलं खणखणीत ऐकू येतंय. आमच्या दुकानात गिऱ्हाईक हळू बोलायचं."

एकदा मलाच राहवलं नाही. मी पाण्याची बाटली विजयसिंहांपुढं धरली. अण्णांनी ती माझ्या हातातून घेतली, झाकण लावलं आणि पिशवीत ठेवली. "पाणी खेळणाऱ्यांसाठी हाय," म्हणाले. मुंगीला वाट देणारा तोच हात.

शेवटची दहा मिनिटं राहिली असताना अभिराम आतून निघाला, अण्णांनी सांगितलं होतं तसा. एकाला चुकवलं, दुसरा घसरला, आणि चेंडू गोलरक्षकाच्या डाव्या हाताखालून जाळीत गेला. चार-एक. सामना गेलेलाच होता, तरी ती पोरं कप मिळाल्यासारखी एकमेकांवर पडली. गॅलरीनंही टाळ्या पिटल्या, बाकाच्या बाबतीत जे म्हणणं होतं ते तसंच ठेवून.

विजयसिंहांचा चेहरा एकदम उघडला. सत्तरीतला माणूस, पण गोल झाला की आत जे उसळतं ते उसळलंच. ते टाळी वाजवायला हात वर करून उठले.

अण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली दाबला.

"ह्यात तुमचं काय न्हाई," ते म्हणाले. "बसा."

विजयसिंह बसले. हात मांडीवर ठेवले. मैदानात चेंडू मध्यावर आला, पंचांनी शिट्टी वाजवली आणि पोरं परत पळायला लागली. अण्णांनी घड्याळ बघितलं. अजून नऊ मिनिटं होती.